कॉलेजच्या टेक फेस्टमध्ये यंत्राची झीज आधीच ओळखण्याची डेटा सायन्स स्पर्धा घ्यायची आहे. डेटा कुठून आणावा आणि बक्षीस किती ठेवावं?

डेटा कुठून आणायचा ते सांगतो, पण त्याआधी तो ट्रेनिंग (मॉडेल शिकवायला) आणि टेस्ट (मॉडेल तपासायला) यांत कसा वाटणार ते ठरवून टाका. मी पाहिलेली स्पर्धा तिथेच वाया गेली आणि मन लावून काम केलेली तीन मुलं रिकाम्या हाताने घरी गेली. त्याचा राग अजून गेलेला नाही.

मी भोसरीत मेंटेनन्सला आहे. काही वर्षांपूर्वी पुण्याजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजने मला परीक्षक म्हणून बोलावलं. डेटा नासाचा होता, सी-मॅप्स या विमानाच्या इंजिनांच्या सिम्युलेशनमधला एफडी००१ हा संच. निवड चांगली होती. १०० टर्बोफॅन इंजिनं, प्रत्येक निकामी होईपर्यंत चालवलेलं, एका ओळीत एक फेरी, २१ सेन्सर, एकूण २०,६३१ ओळी. सगळ्यात लवकर गेलेलं इंजिन १२८ फेऱ्यांत गेलं, सगळ्यात जास्त टिकलेलं ३६२ फेऱ्या चाललं. प्रत्येक ओळीपाशी किती फेऱ्या उरल्यात ते सांगायचं.

आयोजक सरांनी या सगळ्या ओळी पत्त्यांसारख्या पिसल्या आणि ८०-२० वाटल्या. इंजिन क्रमांकाचा रकानाही तसाच ठेवला. मला हे आदल्या दिवशी कळलं. मी फोन करून म्हटलं, "सर, २ नंबरचं इंजिन २८७ फेऱ्या चाललंय. त्याची १५० वी फेरी ट्रेनिंगमध्ये आली तर तिथे उत्तर लिहिलेलंच आहे, १३७. मग १५१ वी फेरी टेस्टमध्ये विचारून काय उपयोग? त्यातून एक वजा केला की झालं. झीज कुणी ओळखणारच नाही." सर म्हणाले, "पुस्तकात ८०-२० असंच देतात. आणि इंजिनं वेगळी काढली तर स्कोअर पडतात, मुलं नाउमेद होतात. प्रायोजकांना काय दाखवायचं?"

निकाल लागला तेव्हा पहिल्या टीमची चूक सरासरी एका फेरीचीही नव्हती. टाळ्या झाल्या. त्या तीन मुलांचा नंबर अकरावा. त्यांनी काय केलं होतं पाहा. न सांगता २० इंजिनं स्वतःच बाजूला काढून त्यांवर मॉडेल तपासलं. इंजिन क्रमांक टाकून दिला. जे सेन्सर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच आकडा दाखवतात तेही काढले. आणि १२५ पेक्षा जास्त फेऱ्या उरल्या असतील तिथे सरळ १२५ च धरल्या, कारण निरोगी इंजिनाच्या सेन्सरमध्ये २०० उरल्यात की ३०० ते दिसतच नाही. ही अक्कल आमच्याकडे दहा वर्षं शॉपफ्लोअरवर काढलेल्या माणसाला असते. त्यातली एक मुलगी सेन्सरचे आलेख कागदावर काढून घेऊन आली होती, कंप्रेसरचं तापमान कुठून चढायला लागतं ते पेन्सिलने खुणावलेलं.

मी त्याच संध्याकाळी दोन्ही मॉडेलं नासाने वेगळ्या ठेवलेल्या १०० इंजिनांवर चालवून घेतली. अकराव्या नंबरच्या टीमचं मॉडेल टिकलं. पहिल्या टीमच्या मॉडेलने मरायला टेकलेल्या इंजिनांनाही भरपूर आयुष्य देऊन टाकलं. मी सरांना म्हटलं, निकाल बदला, निदान या मुलांना वेगळं बक्षीस द्या. ते म्हणाले, जाहीर झालंय, आता नको. पहिल्या टीमला मी दोष देत नाही, ती दिलेल्या नियमांनी खेळली. नियमच चुकीचे होते.

म्हणून ओळी वाटू नका, यंत्रं वाटा. टेस्टमधल्या यंत्राची एकही ओळ स्पर्धकाला आधी दिसता कामा नये. यावर कुणी प्राध्यापक काहीही म्हणोत, मी तडजोड करणार नाही. कारखान्यात नवीन बेअरिंग बसवतो तेव्हा त्याचं मागचं आयुष्य कुणी फाईलमध्ये लिहून देत नाही.

दुसरं, गुण साध्या सरासरी चुकीवर देऊ नका. उशिरा सांगणं आणि लवकर सांगणं सारखं नसतं. बेअरिंग आठवडाभर आधी काढलं तर एक बेअरिंग वाया जातं. एक दिवस उशीर झाला तर शाफ्ट खातं आणि रात्रपाळी बसून राहते. २००८ च्या पीएचएम (यंत्रांचं उरलेलं आयुष्य ओळखण्याच्या) स्पर्धेत अशाच इंजिनांच्या डेटावर असंच सूत्र होतं: ३० फेऱ्या लवकर सांगितलं तर दंड साधारण ९, ३० फेऱ्या उशिरा सांगितलं तर १९. तेच घ्या, फक्त दंडाला वर मर्यादा घाला. दंड घातांकाने वाढतो, त्यामुळे एकच इंजिन फार चुकलं की बाकीच्या ९९ चं काम बुडतं.

आता डेटा. सी-मॅप्स सरावाला द्या, अंतिम फेरीला नको, कारण त्याची उत्तरं इंटरनेटवर पडलेली आहेत. २०१२ चा प्रोनोस्टिया या बेअरिंग झिजवण्याच्या चाचणी यंत्रावरचा डेटा, म्हणजे १७ बेअरिंगं, त्यांतली ६ ट्रेनिंगला, त्याचंही तेच. अंतिम फेरीचा डेटा स्वतः तयार करा. तुमच्या वर्कशॉपमध्ये लेथ आहे, मेट्रॉलॉजी लॅबमध्ये टूलमेकर्स मायक्रोस्कोप असेलच. कार्बाइड इन्सर्ट (लेथच्या टूलवर बसवायचे, अनेक कडांचे कापणारे तुकडे) घ्या, एकाच स्पीड-फीडवर कट घेत जा, टूलपोस्टवर व्हायब्रेशन सेन्सर लावा, दर काही कटनंतर फ्लँक वेअर, म्हणजे कडेच्या बाजूची झीज, मोजा. सरासरी ०.३ मिमी झीज झाली की ती कड संपली. २०१० च्या पीएचएम स्पर्धेत मिलिंग कटरवर असाच प्रयोग होता, एका कटरचे ३१५ कट. एका इन्सर्टच्या सगळ्या कडा ट्रेनिंगला किंवा सगळ्या टेस्टला, अर्ध्या-अर्ध्या नाही.

बक्षीस जमेल तेवढं ठेवा, पण एक रक्कम मॉडेल कसं केलं ते नीट लिहिणाऱ्या अहवालासाठी राखून ठेवा.

हेही सांगायला हवं की सी-मॅप्स सिम्युलेशनमधून आलेला डेटा आहे, खरी इंजिनं इतकी शिस्तीत झिजत नाहीत. आणि इन्सर्ट पंधरा-वीसच असतील तर निकालात नशिबाचा वाटा येणार. ते मुलांना आधीच सांगा. सरांचं म्हणणं एका बाबतीत खरं होतं, स्कोअर खरंच पडतात.

त्या मुलीचे पेन्सिलच्या खुणांचे कागद मी मागून घेतले होते, अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. परीक्षक हवा असेल तर कळवा, एक रविवार काढून येतो. मानधन नको, फक्त डेटाची वाटणी मी करणार.