उंदराच्या हार्टचा एमआरआय पहिल्यांदा करताय? मग हे वाचा
अरे सिक्वेन्सच्या (स्कॅनच्या सेटिंग्जच्या) मागे नंतर लाग, आधी उंदीर सांभाळायला शीक. माणसाचं हार्ट मिनिटाला ६०-८० ठोके टाकतं, उंदराचं ४००-६००, म्हणजे एक ठोका जेमतेम १००-१५० मिलिसेकंदांचा, त्यात गेटिंग (ठोक्याशी वेळ जुळवून इमेज घेणं) जरा चुकलं की इमेज गिचमिड झालीच समज. आयसोफ्लुरेन (भूल द्यायचा गॅस) सुरुवातीला ३ टक्क्यांच्या आसपास आणि मग १ ते २ वर ठेव, पण आकडा बघून नाही, श्वास आणि हार्ट रेट बघून कमीजास्त करत राहा. उंदराचं टेंपरेचर ३७ डिग्री सेल्सिअस पाहिजेच, उंदीर गार पडला की रेट घसरतो आणि तुझे सगळे रिडिंग बोंबलतात. मी पहिल्यांदा हीटिंगचं पाणी चालू करायलाच विसरलो होतो, अख्खी दुपार वाया 😅

ईसीजीच्या वायरी एकमेकींना पीळ देऊन ठेव, लूप अजिबात नको, नाहीतर ग्रेडियंट (स्कॅनरची झटपट बदलणारी चुंबकीय क्षेत्रं) चालू झाले की आर-वेव्ह (ईसीजीतलं ठोक्याचं उंच टोक) शोधत बसशील. ७ किंवा ९.४ टेस्लाच्या ताकदवान मॅग्नेटमध्ये रक्ताच्या प्रवाहामुळेही ईसीजीचा सिग्नल बिघडतो, तेव्हा सेल्फ-गेटिंग (ईसीजीशिवाय, एमआरआयच्याच सिग्नलवरून ठोका ओळखणं) असेल तर बिनधास्त वापर.

फायब्रोसिस (हार्टमधले चट्टे) किंवा इन्फार्क्ट (रक्त न मिळून मेलेला भाग) बघायचं असेल तर गॅडोलिनियम (असा भाग उठून दिसावा म्हणून द्यायचं कॉन्ट्रास्ट) देऊन साधारण १०-२० मिनिटांनी स्कॅन, पण शेपटीच्या व्हेनमध्ये कॅन्युला (इंजेक्शनची बारीक नळी) मॅग्नेटमध्ये जायच्या आधीच लावून ठेव. स्लाइसची (इमेजच्या एका कापाची) जाडी १ मिमीच्या आसपास ठेव, जाड घेतलीस तर छोटा चट्टा दिसणारच नाही. आणि हो, एथिक्स कमिटीची परवानगी आधी हातात घे.