डब्यातल्या पावडरीनं फुफ्फुस साफ होते का?

प्रश्न : ताई, आमचं गाव वणी-घुग्घुस रोडले लागून हाय, कोळशाचे ट्रक दिवसरात्र चालतात, कापूस वेचाले गेलं का बोंडावर काळी बुकणी. मायले महिन्याभरापासून खोकला हाय, बाबा बिडी ओढतात. बाजारात एक जण झाडपाल्याची अँटिऑक्सिडंट पावडर विकते, बाराशेचा डबा, म्हणते फुफ्फुस साफ होते. घेऊ का?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : नका घेऊ भाऊ. फुफ्फुस म्हणजे काही चुलीवरचा गंज (पातेलं) नाही, राखेनं घासला की चकचकीत. आत बसलेली कोळशाची धूळ कोणत्याच पाल्यानं बाहेर येत नाही.

आता अँटिऑक्सिडंटमध्ये, म्हणजे पेशींची अशी जळजळ रोखणाऱ्या पदार्थांत, काहीच दम नाही असंही नाही बरं का. हवेतले पीएम २.५ कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढे, ते पार खोल जातात आणि तिथल्या पेशींना आतून जाळतात, आणि फुफ्फुसातल्या ओलाव्यात जे सी व्हिटॅमिन असतं ते हा मारा आधी स्वतःवर झेलतं. म्हणून आवळा, जाम (पेरू), संत्री खा, आवळा तर कच्चाच, शिजवला की सी बरंच उडतं. चीनमध्ये २९१ लोकांना १२ आठवडे ब्रोकोलीच्या कोंबांचं पेय दिलं, तर लघवीवाटे बेंझीनचा अंश ६१ टक्के जास्त बाहेर पडला, २०१४ची गोष्ट. असले आकडे दाखवूनच डबे विकतात! पण बेंझीन ही हवेतली विषारी वाफ, तुमच्याकडची धूळ वेगळी, आणि लघवीत जास्त उतरलं म्हणजे फुफ्फुस बरं झालं असं थोडंच आहे.

बाबांचं मात्र नीट ऐका. फिनलंडमध्ये २९ हजार सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला, त्यात ज्यांना बीटा कॅरोटीनच्या (गाजर-मेथीतलंच एक अँटिऑक्सिडंट) गोळ्या दिल्या त्यांच्यात फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला, कमी नाही, जास्त. १९९४मध्ये हे छापून आलं तरी आपल्या बाजारात कोणी सांगत नाही. गाजर-मेथी खुशाल खाऊ द्या, गोळी-पावडर नको. बिडी सुटली तर सगळ्यात भारी.

आणि मायला एवढे दिवस घरी कशाला ठेवलं? दोन आठवड्यांवर खोकला गेला की टीबीसाठी थुंकी तपासायची, सरकारी दवाखान्यात फुकट होते, उद्याच न्या. चुलीत पऱ्हाटी (कापसाच्या वाळक्या काड्या) जाळता का हे तुम्ही लिहिलंच नाही, जाळत असाल तर मायच्या छातीत ट्रकपेक्षा तो धूर जास्त जात असेल. आंगण झाडायच्या आधी पाणी शिंपडा, रोडकडच्या वावरात जाताना दुपट्ट्यापेक्षा एन ९५ मास्क बरा.

रिपोर्ट आला की कळवा. आणि त्या डब्यावरच्या बारीक अक्षराचा फोटो पाठवा, बाराशेत काय भरलंय बाप्पा ते मलाही पाहायचंय.