हवा कमी ठेवून निघू का?

प्रश्न : मे महिन्यात आम्ही चौघं आमच्या छोट्या गाडीनं नाशिकहून नागपूरला, माझ्या माहेरी, समृद्धी महामार्गानं जाणार आहोत. शेजारचे काका म्हणतात, उन्हात हवा फुगून टायर फुटतो, म्हणून निघतानाच चार-पाच पौंड कमी ठेवा. पंपावरचा मुलगा न विचारता ३५ मारतो. टायरवर तर ५१ छापलंय! नक्की किती भरायची? आणि नायट्रोजनचं काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, काकांचं निम्मं खरं आहे. उन्हात हवा फुगते. पण कमी हवेवर निघालात, तर टायर फुटायची भीती घटत नाही, उलट वाढते.

टायर तापतो तो नुसत्या उन्हानं नव्हे. रस्त्याला टेकलेला भाग दर फेरीला दबतो आणि सुटतो. ताशी १०० च्या वेगाला तुमच्या गाडीचं चाक सेकंदाला पंधराएक फेऱ्या मारतं. हवा कमी असली की टायरची बाजू दर फेरीला जास्त मुडपते. तार पुढंमागं वाकवत राहिलं की हाताला चटका बसतो ना, तेच तिथं होतं. मी सव्वीस वर्षं एसटीच्या कार्यशाळेत काढली. कमी हवेवर पळून फाटलेला टायर रिमवरून उतरवला की आतून रबराचा काळा भुगा सांडायचा. तो भुगा दिसला की ड्रायव्हरला काही विचारायची गरज नसे.

आता आकडा. टायरवरचे ५१ म्हणजे तो टायर सोसू शकेल ती कमाल हवा. ती भरायची नसते. ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर स्टिकर दिसेल. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणामागं असतो. त्यावर पुढच्या-मागच्या चाकांचे आकडे असतात, आणि बऱ्याचदा माणसं-सामान भरलेलं असताना किती, हेही वेगळं दिलेलं असतं. तुम्ही चौघं, त्यात माहेरी निघालात, म्हणजे डिकी रिकामी नसणारच. तेव्हा भरल्या गाडीचा आकडा धरा.

पण हा आकडा थंड टायरचा असतो. गाडी तीन तास उभी असेल किंवा दोन-तीन किलोमीटरच चालली असेल, तर टायर थंड समजा. टायर दहा अंशांनी तापला की हवा साधारण दीड पौंडानं चढते. पहाटे ३३ भरून निघालात, तर दुपारी विदर्भात तीच ३८ दाखवेल. घाबरू नका, आणि तिथं हवा सोडू तर अजिबात नका. गरम टायरची ३३ वर आणलीत, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं २८ सापडेल, आणि परतीच्या प्रवासात पुन्हा तोच भुगा. स्टिकर बनवणाऱ्यांनी ही दुपारची चढ आधीच हिशेबात धरलेली असते.

पंपावरच्या मुलाला आधी आकडा सांगा, मग नळी लावू द्या. एका सकाळी मी आमच्या भागातल्या दोन पंपांवर पाठोपाठ तपासलं, तर चार पौंडांचा फरक आला! तेव्हापासून माझा स्वतःचा गेज डॅशबोर्डच्या कप्प्यात असतो. नुसतं बघून किंवा लाथ मारून कळत नाही. रेडियल टायर हवा बरोबर असतानाही खाली थोडा फुगीरच दिसतो. पंधरवड्यातून एकदा सकाळी घरीच मोजा. एकच चाक सारखं उतरत असेल, तर वॉल्व्हवर साबणाचं पाणी सोडून बुडबुडे येतात का पाहा.

नायट्रोजन फुकट मिळाला तर भरा. साध्या हवेतही ७८ टक्के तोच आहे. वाटेत साधी हवा टॉपअप केलीत तरी बिघडत नाही. पैसे मोजून भरावा असं मात्र मला कधी वाटलं नाही.

स्टेपनी कोणी मोजत नाही. (हे नाव वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आलं, १९०४ च्या सुमारास तिथं जादा चाकं बनू लागली.) गेल्या दिवाळीत जावयाच्या डिकीतून काढली, तर तिच्यात १४ पौंड! तुमची स्टेपनी बारीक असेल, तर तिला बहुधा ६० लागते, आकडा तिच्यावरच छापलेला असतो. डिकीत बॅगा रचायच्या आदल्या दिवशी ती बाहेर काढा.