सायकलस्वाराचे जाकीट: रंग महत्त्वाचा की पट्टी?

प्रश्न : मी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. दुसरी पाळी सुटल्यावर रात्री बाराच्या सुमारास आळंदी रस्त्याने सायकलवरून घरी येतो. गेल्या आठवड्यात मागून आलेल्या टेम्पोने मला अगदी शेवटच्या क्षणी चुकवले. ‘तुम्ही दिसलाच नाहीत’, असे चालक म्हणाला. सायकलच्या दुकानातील भडक पिवळी जर्सी अडीच हजार रुपयांची आहे आणि मला पाचशेपेक्षा जास्त खर्च परवडणार नाही. रस्त्याच्या कामावरील मजूर घालतात तसले जाकीट चालेल का?
— एक वाचक, भोसरी

उत्तर : चालेल, आणि तुमची परतीची वेळ पाहता ते त्या जर्सीपेक्षा अधिक उपयोगी पडेल. भडक पिवळा किंवा नारिंगी रंग उठून दिसतो, कारण तो सूर्यप्रकाशातील अतिनील किरणे शोषून त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतो. पहाटेच्या संधिप्रकाशात किंवा पावसाळी अंधारलेल्या दुपारी हा गुण फार मोलाचा असतो. मात्र रस्त्यावरच्या दिव्यांत अतिनील किरणे जवळजवळ नसल्याने रात्री तो रंग साध्या फिकट कपड्यासारखाच दिसतो. रात्री तुम्हाला वाचवते ती पट्टी, जिला आपण सर्रास ‘रेडियम’ म्हणतो. तिच्यातील काचेचे सूक्ष्म मणी हेडलाइटचा प्रकाश जिथून आला तिथेच, म्हणजे चालकाच्या डोळ्यांच्या दिशेने, परत पाठवतात.

असे जाळीदार जाकीट औद्योगिक सुरक्षा साहित्याच्या दुकानांत, तसेच पुण्याच्या बोहरी आळीसारख्या हार्डवेअरच्या बाजारात साधारण दीडशे-दोनशे रुपयांना मिळते. घेताना एक खबरदारी अवश्य घ्या, कारण स्वस्त जाकिटांवर पुष्कळदा नुसती चकचकीत चंदेरी फीत शिवलेली असते. दुकानाच्या कमी उजेडाच्या कोपऱ्यात जाकीट टांगून आठ-दहा पावलांवर उभे राहा आणि मोबाइलचा टॉर्च डोळ्याजवळ धरून त्याच्याकडे पाहा. खरी पट्टी दिव्यासारखी पांढरी पेटते, तर खोटी राखाडीच राहते. पट्टी निदान ५ सेंटिमीटर रुंद असावी. कामगारांच्या अशा कपड्यांसाठीच्या आयएसओ २०४७१ या आंतरराष्ट्रीय मानकातही हीच किमान रुंदी सांगितलेली आहे.

मात्र सगळे पैसे जाकिटावर घालवू नका. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, रात्री बंद मार्गावर गाडी चालवणाऱ्यांनी काळ्या कपड्यांतील सायकलस्वार केवळ २ टक्के वेळा ओळखला, नुसत्या भडक रंगाच्या जाकिटातला १५ टक्के, परावर्तक पट्ट्यांच्या जाकिटातला ५० टक्के, आणि त्याच जाकिटाबरोबर घोट्यांना व गुडघ्यांनाही पट्ट्या बांधलेला ९० टक्के वेळा. अंधारात स्थिर चमकणारा ठिपका खांबाचाही असू शकतो. वर-खाली फिरणारे दोन ठिपके मात्र पाहताक्षणीच पायडल मारणाऱ्या माणसाचे वाटतात. म्हणून शिवता येण्याजोगी कापडी पट्टी मीटरवर विकत घ्या आणि रुंद इलॅस्टिकवर शिवून तिचे चार पट्टे करा. घोट्यावरच्या पट्ट्याने पँटचा पायही साखळीत अडकत नाही.

तुम्ही डबा पाठीवरच्या सॅकमधून नेत असाल, तर जाकिटाची मागची पट्टी पूर्ण झाकली जाते आणि तुमच्यासारख्या मागून वाहने येणाऱ्या प्रवासात ही सर्वांत मोठी चूक ठरते. सॅकवरही आडवी पट्टी शिवून घ्या, किंवा डबा कॅरियरला बांधा. मागच्या मडगार्डवर गॅरेजजवळच्या रेडियमवाल्याकडून लाल पट्टी चिकटवून घ्यावी. पावसाळ्यात जाकीट रेनकोटच्या वरून घाला. त्यासाठी ते एक माप मोठेच घेतलेले बरे.

पट्टी हेडलाइटचा झोत अंगावर पडल्यावरच चमकते, त्यामुळे वळणावरून किंवा गल्लीतून येणाऱ्या वाहनाला ती वेळेत दिसेलच असे नाही. म्हणून पाचशेतून उरणाऱ्या पैशांत मागचा लाल दिवा आधी घ्या, आणि त्याच्या बॅटऱ्या संपण्याची वाट न पाहता बदलत जा.

जाकीट हाताने, साध्या साबणाने धुवा, उलटे करून सावलीत वाळवा आणि त्याला ब्लीच किंवा इस्त्री लावू नका. दर दोन-तीन महिन्यांनी टॉर्चची तीच परीक्षा घरी करा. पट्टी तडकलेली किंवा मंदावलेली दिसली, तर जाकीट धडधाकट असले तरी पट्टी उसवून नवी शिवा.