सहा जुने संगणक आणि ‘प्लॅन ९’

प्रश्न : मॅडम, मी सोलापुरात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मामांचा चादरींचा कारखाना आहे. तिथल्या ऑफिसातले सहा जुने संगणक मामांनी मला दिलेत. त्यांवर ‘प्लॅन ९’ ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकून सहांचा मिळून एक वेगवान संगणक करायचा, असा प्रकल्प मी ठरवलाय. आमचे सर म्हणतात, कुणी वापरत नाही त्या सिस्टिमवर वर्ष घालवू नकोस. काय करू?

उत्तर : आधी एक गैरसमज काढते. सहा मागांवर मिळून एक चादर विणता येत नाही, हे तू मामांकडे रोज बघतेस. प्लॅन ९ सहा प्रोसेसरांची ताकद एका प्रोग्रॅममागे आपोआप उभी करत नाही. ती कामं वाटून घेते. ताणा एकीकडे होतो, कांड्या दुसरीकडे भरतात, वीण तिसरीकडे. तसं एक यंत्र फाइली सांभाळतं, एक जड गणितं करतं, बाकीचे टर्मिनल, म्हणजे बसून काम करायची यंत्रं. कुठल्याही टर्मिनलवर बसलीस तरी समोर तुझ्याच फाइली.

ही सिस्टिम १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत, म्हणजे युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्याच माहेरी, आकाराला आली. केन थॉम्प्सन, रॉब पाइक, डेव्ह प्रेसोटो ही त्यामागची मंडळी. युनिक्सचा ‘सगळं काही फाइल’ हा विचार नेटवर्कपाशी अडला होता. इथे तो पार शेवटपर्यंत नेलाय. ‘/नेट’ हा नेटवर्कचा फोल्डर, त्यातला ‘टीसीपी’ इंटरनेटच्या जोडण्यांचा. त्यातली ‘/नेट/टीसीपी/क्लोन’ ही फाइल उघडून वाच, एक आकडा मिळेल. समजा ४. आता ‘/नेट/टीसीपी/४/सीटीएल’मध्ये ‘कनेक्ट’ आणि पत्ता लिही, मग शेजारच्या ‘डेटा’ फाइलीत लिही-वाच कर. झालं कनेक्शन! इतर सिस्टिममध्ये नेटवर्कशी बोलायला ‘सॉकेट’ नावाची वेगळी सोय लागते, इथे तिचं नावही काढावं लागत नाही.

आणि फाइल आहे म्हटल्यावर ती दुसऱ्या यंत्रावरूनही आणता येते. २००४ साली आमच्या प्रयोगशाळेत दोन पेंटियम संगणक होते, इंटरनेटची तार एकालाच. ऑथेंटिकेशन सर्व्हर, म्हणजे ओळख पटवणारी यंत्रणा, उभा करण्यात तीन दिवस गेले, अगदी रडकुंडीला आले होते. चौथ्या दिवशी दुसऱ्या यंत्रावर ‘इंपोर्ट’ हा एक आदेश दिला, पहिल्याचं ‘/नेट’ इथे जोडलं गेलं आणि इथले प्रोग्रॅम तिथल्या नेटवर्क कार्डातून बाहेर बोलू लागले. राउटरची सेटिंग नाही, प्रॉक्सी म्हणजे मधला दुवा सर्व्हरही नाही. तेही त्या एका खिडकीपुरतंच. शेजारच्या खिडकीत जुनंच ‘/नेट’ होतं. प्रत्येक प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रॅमला, स्वतःची नेमस्पेस, म्हणजे फाइलींचं स्वतःचं चित्र, असते, हे पुस्तकात वाचलं होतं. त्या दुपारी ते डोळ्यांनी पाहिलं. दोन्ही खिडक्यांत आलटूनपालटून ‘एलएस’ हा फाइलींची यादी दाखवणारा आदेश मारत मी कितीतरी वेळ बसले होते.

सरांचं म्हणणं नोकरीपुरतं खरं आहे. मुलाखतीत प्लॅन ९ कुणी विचारणार नाही. पण यंत्रायंत्रांत फाइली पोचवणारा तिचा नाइनपी प्रोटोकॉल आज लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आहे, विंडोजमधल्या लिनक्सच्या फाइलीही त्यावरूनच ये-जा करतात. आणि यूटीएफ-८, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं संगणकात साठवायची रीत? सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, ताटाखालच्या कागदावर थॉम्प्सन यांनी पाइक यांच्यासमोर ते मांडलं आणि काही दिवसांतच अख्खी प्लॅन ९ त्यावर नेली. आज मोबाइलवर तू ‘मामा’ लिहितेस त्यातलं प्रत्येक चिन्ह त्याच रीतीने तीन बाइटांत बसतं. (खुद्द प्लॅन ९च्या पडद्यावर मात्र आपली जोडाक्षरं नीट जुळत नाहीत, याची मला अजून हळहळ वाटते.)

तेव्हा प्रकल्प कर, फक्त उद्दिष्ट बदल. वेग दाखवू नकोस, जोडणी दाखव. तेच काम लिनक्सवर करायला किती सेटिंग लागतात ते शेजारी मांड. सरांना त्यातून जास्त कळेल.

प्लॅन ९ची ‘नाइनफ्रंट’ ही आवृत्ती घे, ती अजून जोमात चालू आहे. मूळ प्लॅन ९सुद्धा २०२१ मध्ये बेल लॅब्जची आताची मालक असलेल्या नोकियाने प्लॅन ९ फाउंडेशनकडे सोपवली आणि ती एमआयटी परवान्याखाली खुली झाली. माउस तीन बटणांचाच हवा, नाहीतर पहिल्याच दिवशी कंटाळशील. फाइली सांभाळणाऱ्या यंत्राला यूपीएस लाव, एमआयडीसीतली वीज तुला ठाऊकच आहे. सहाही यंत्रं एकदम उघडून बसू नकोस, आधी दोनच घे. ‘/नेट’ जोडलं गेलं की टीसीपीच्या फोल्डरात कोणते आकडे दिसतात आणि ते कुठल्या यंत्राचे, ते मला लिहून कळव.