वायेकासला जा, जर्सी नंतर घे

प्रिय दोस्ता,

तुझा लांबलचक मेसेज परवा रात्री दोनदा वाचला. माद्रिदला जाऊन तीन महिने झाले, अभ्यास चालूय, आणि घरचे म्हणतायत की मेटल संगीत, फुटबॉल आणि तिथल्या राजकारणाचं खूळ आता बास, करिअर बघ. तू विचारलंस यातलं काय सोडू. मी म्हणते काहीच सोडू नकोस. फक्त ही तीन वेगळी खुळं आहेत असं धरून चालू नकोस, स्पेनमध्ये ती एकाच गल्लीत राहतात.

मी तिथे होते तेव्हा मला हे वायेकासने, माद्रिदमधल्या एका कामगारवस्तीने, शिकवलं. मेट्रोची एक नंबर लाईन धर, पोर्ताझ्गोला उतर, वर आलं की रायो वायेकानो या फुटबॉल क्लबचं स्टेडियम. तीनच बाजूंना स्टँड, चौथ्या बाजूला गोलमागे सरळ भिंत आणि तिच्यामागे बिल्डिंगा, लोक गॅलरीत उभं राहून मॅच बघतात. १९२४ चा क्लब, त्याच वस्तीचा. २०१४ मध्ये तिथल्या ८५ वर्षांच्या एका आजींना मुलाच्या कर्जापायी घराबाहेर काढलं, तेव्हा कोच पाको खेमेसने जाहीर सांगितलं की आम्ही त्यांना एकटं सोडणार नाही, आणि क्लबने भाड्याला मदत करायचं ठरवलं. आता सांग, हे फुटबॉल की राजकारण? पहिल्या मॅचला मात्र बुकानेरोस (रायोचे कट्टर चाहते) उभे राहतात त्या गोलमागचं तिकीट घेऊ नकोस, बाजूला बस आणि ते काय गातात, कुठले बॅनर लावतात ते नीट बघ.

मेटलचंही तसंच. हुकूमशहा फ्रँको नोव्हेंबर १९७५ ला गेला, ७७ ला निवडणूक झाली, ७८ ला राज्यघटना आली, आणि ८० मध्ये माद्रिदमध्ये बारोन रोखो हा मेटल बँड उभा राहिला. लगेच पुढच्या वर्षी फेब्रुवारीत सिव्हिल गार्ड या सशस्त्र पोलीस दलातले लोक बंदुका घेऊन संसदेत शिरले होते, म्हणजे ही पोरं गिटार वाजवत होती तेव्हा लोकशाही टिकेल की नाही याचीच खात्री नव्हती. बारोन रोखोचा १९८२ चा अल्बम 'वोलुमेन ब्रुताल' लंडनमध्ये रेकॉर्ड झाला, इंग्लिशमध्येही निघाला, पण तू स्पॅनिशच ऐक. शब्द लिहून काढ, अडलं की रूममेटला विचार. माझं स्पॅनिश क्लासपेक्षा जास्त याच गाण्यांनी सुधारलं, कारण चिडून गाणारा माणूस शब्द खात नाही. (कॉन्सर्टला गेलास तर इअरप्लग मात्र घाल बाबा, कान परत मिळत नाहीत.)

एक गोष्ट कळकळीने सांगते. बार्साची (बार्सिलोनाच्या क्लबची) जर्सी आवडते म्हणून बार्सिलोना ज्या प्रांतात आहे त्या कॅटालोनियाबद्दल मत बनवू नकोस. १ ऑक्टोबर २०१७ ला, कॅटालोनियाच्या स्वातंत्र्यावरच्या सार्वमताच्या दिवशी, पोलीस मतदान केंद्रांवर घुसले आणि बार्सा लास पाल्मासविरुद्ध आपल्या रिकाम्या काम्प नोऊ स्टेडियममध्ये खेळली, तेव्हा त्या रिकाम्या खुर्च्यांचा अर्थ बार्सिलोनातल्याच दोन घरांत दोन वेगळे निघाले. आणि त्याआधी ५ डिसेंबर १९७६ वाच, बास्क प्रदेशातल्या रियाल सोसिएदाद आणि अथलेटिक या दोन क्लबांचे कॅप्टन कोर्ताबारिया आणि इरिबार बंदी असलेला बास्क झेंडा हातात धरून मैदानात आले, मॅच ५-० ने संपली पण लोकांना आजही आठवतो तो झेंडा. अशा गोष्टी कळायच्या आत कुणाशी वाद घालायला बसलास तर समोरचा फक्त गप्प होईल, आणि स्पॅनिश माणूस गप्प झाला की काहीतरी बिघडलंय समज.

आकडेही बघत जा. संसदेच्या खालच्या सभागृहात ३५० जागा, बहुमताला १७६. २०२३ च्या जुलैतल्या निवडणुकीत पीपी (उजवा पक्ष) १३७ घेऊन पहिली आली, पीएसओई (समाजवादी पक्ष) १२१ वर, तरी नोव्हेंबरात १७९ मतांनी पीएसओईचे सांचेसच पंतप्रधान झाले, आणि त्यात खुन्त्स या कॅटालोनियाचं स्वातंत्र्य मागणाऱ्या पक्षाच्या सात मतांचं वजन केवढं होतं ते बारमध्ये शेजारी बसलेल्या काकांना विचार. आघाड्या आपल्याला नव्या नाहीत, पण तिथे प्रांतवादाचा पीळ वेगळा आहे. तू प्रश्न विचार, ते तासभर बोलतील, आणि तुझी भाषा तिथेच पक्की होईल.

घरच्यांना मी फोन करते, ती काळजी सोड. येत्या रविवारी रायोची घरची मॅच असेल तर जा, आणि त्या भिंतीचा फोटो मला पाठव.

तुझी ताई