अंथरूण पाहून लिनक्स

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, तेव्हापासून तुमच्या पत्रांत एकच सूर आहे: जुना संगणक भंगारात द्यायचा नाही, विंडोजऐवजी चालणारी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम बघायचीय, पण विंडोज पुसायची हिंमत होत नाही. अशांसाठी व्हर्च्युअल मशीन (व्हीएम), म्हणजे विंडोजच्या खिडकीत चालणारा दुसरा संगणक, हा चांगला मार्ग आहे. व्हर्च्युअलबॉक्स हा असं मशीन बनवणारा प्रोग्राम; उबुंटू, मिंट, डेबियन हे लिनक्सचे प्रकार, म्हणजे डिस्ट्रो. त्यातलेच काही प्रश्न आज घेतो.

डेस्कटॉपला चौथ्या पिढीचा आय-५ आणि ८ जीबी रॅम आहे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबुंटू घेऊ की मिंट? मेमरी किती देऊ? (शिक्षिका, सिडको)

मिंट घ्या, आणि त्यातही एक्सएफसीई, म्हणजे हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती. उबुंटू २४.०४ ला किमान ४ जीबी रॅम लागते. मिंट २ जीबीवर उभं राहतं, ४ असेल तर मोकळं चालतं. या तंत्राच्या भाषेत विंडोज यजमान आणि लिनक्स पाहुणा. पाहुण्याला गादी देऊन यजमान फरशीवर झोपला तर रात्रभर कुणालाच झोप नाही. तुमचं विंडोज रिकामं असतानाच दोन-तीन जीबी अडवून बसतं, वर क्रोमचे टॅब. म्हणून मिंटला ३०७२ एमबी (३ जीबी) द्या. मेमरीच्या पट्टीवर हिरवा भाग दिसतो, त्याच्या आत राहा. प्रोसेसर चारपैकी दोन, डिस्क २५ जीबी. ही डिस्क 'डायनॅमिक' ठेवली की पहिल्याच दिवशी २५ जीबी जात नाहीत, वापर वाढेल तशी फाइल वाढते.

तुम्ही लिहिलं नाही, पण संगणकात अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी बसवून घ्या, रॅम नंतर बघू. दोन ऑपरेटिंग सिस्टिम एकाच फिरत्या डिस्कवर भांडायला लागल्या की माउसही अडखळतो, आणि लोक म्हणतात लिनक्स संथ आहे. व्हीएममध्ये वेग जोखायचाच नाही. तिथे सवय जोखायची. तुमची सहामाहीची प्रश्नपत्रिका लिबरऑफिसमध्ये (लिनक्सवरचं मोफत ऑफिस) उघडून बघा: तक्ते जागेवर आहेत का, गुणांचे आकडे उजव्या कडेलाच राहिलेत का.

मशीन सुरू करताच व्हीटी-एक्स बंद असल्याचा संदेश येतो. (डिप्लोमाचा विद्यार्थी, सातपूर)

व्हीटी-एक्स म्हणजे इंटेल प्रोसेसरमधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली सीपीयू उघडा. तिथे 'व्हर्च्युअलायझेशन'पुढे डिसेबल्ड दिसेल. संगणक सुरू होताना एफ२ किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधीच्या मूळ सेटिंग्जमध्ये जा आणि ते चालू करा. एएमडीच्या बोर्डावर त्याचं नाव 'एसव्हीएम' असतं.

यानंतर मशीन चालेल, पण खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं तर हायपर-व्ही, म्हणजे विंडोजची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची यंत्रणा, मध्ये बसलीय असं समजा. काम होतं, वेग मात्र चिन्हाप्रमाणेच. कॉलेजच्या कामाला डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय) वापरत असाल तर कासव राहू द्या, ते घालवायला गेलात तर डब्ल्यूएसएल २ बंद पडेल.

मिंट इन्स्टॉल झालं, रीस्टार्ट केलं, तर पुन्हा इन्स्टॉल करायचंच विचारतंय. तीनदा झालं! (इंदिरानगर)

चौथ्यांदा करू नका. आयएसओ, म्हणजे मिंट इन्स्टॉल करायची फाइल, अजून मशीनच्या सीडी ड्राइव्हमध्ये अडकलेली आहे. मशीन बंद करा, सेटिंग्जमध्ये स्टोरेजमधून ती काढा. मिंट तीनदा बसलंय, तुम्हाला दिसलं नाही एवढंच.

व्हीएममध्ये वायफायचं चिन्हच नाही, पण इंटरनेट चालतं. माझ्या लॅपटॉपचं वायफाय लिनक्सला ओळखू येत नाही का? (देवळाली कॅम्प)

व्हीएमवरून हे कळणारच नाही. पाहुण्याला तुमचं खरं वायफाय कार्ड दिसतच नाही. व्हर्च्युअलबॉक्स त्याच्यापुढे वायरचं एक नकली कार्ड ठेवतो आणि विंडोजचं कनेक्शन त्यातून पुरवतो. ग्राफिक्स कार्ड आणि झाकण मिटल्यावर झोपणं यांचंही तसंच.

त्यासाठी पेनड्राइव्ह. रूफस या विंडोजवरच्या प्रोग्रामने त्यावर मिंट टाका, त्यावरून संगणक सुरू करा आणि इन्स्टॉल न करता 'लाइव्ह' चालवा. वायफाय, आवाज, ब्राइटनेसची बटणं, घरचा प्रिंटर, सगळं अर्ध्या तासात कळतं. फक्त एक सांभाळा. 'इरेझ डिस्क' हा पर्याय व्हीएममध्ये तुम्ही बिनधास्त निवडत होतात, कारण तिथे पुसली जाते ती नकली डिस्क. पेनड्राइव्हवरून तोच पर्याय दाबलात तर लग्नाच्या फोटोंसकट सगळं जाईल.

द्राक्षांच्या पेट्यांची लेबलं आणि लग्नपत्रिका करतो. लिनक्सवर मराठी कसं चालेल? (पिंपळगाव बसवंत)

नवीन मराठी उत्तम चालेल. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इनस्क्रिप्ट ही मराठी कळरचना जोडा, झालं. अडचण तुमच्या जुन्या फायलींची. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत बसवलेला मजकूर युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखी वाचली जाणारी अक्षरं, नसतो. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट त्यांना मराठी चेहरा देतो. फॉन्ट गेला की 'श्री गणेशाय नमः' च्या जागी चिन्हांचा खकाणा दिसतो. तेव्हा तो मजकूर विंडोजमध्ये असतानाच युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि पत्रिका व्याह्यांच्या हातात जाण्याआधी जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. खरं सांगू? तुमच्यासारख्यानं धंद्याचा संगणक विंडोजवरच ठेवावा, लिनक्स घरच्या संगणकावर.

पाच डिस्ट्रो टाकल्या, सी ड्राइव्ह भरला. आतल्या फायली पुसूनही जागा मिळत नाही. (कॉलेज रोड)

डायनॅमिक डिस्क वाढते, आपोआप आकसत नाही. त्यावर तुमचे स्नॅपशॉट, म्हणजे मागे परतता यावं म्हणून जपलेल्या मशीनच्या अवस्था. स्नॅपशॉट घेतला की जुनी डिस्क गोठते आणि पुढचं सगळं नव्या फाइलमध्ये लिहिलं जातं, म्हणजे एकावर एक थर. मी एकदा त्या फोल्डरमधली एक फाइल 'जुनी दिसतेय' म्हणून थेट उडवली. मधला थर गेला, डेबियनचं ते मशीन पुन्हा उठलं नाही, आणि आठ महिन्यांच्या नोंदी त्यातच राहिल्या.

स्नॅपशॉट नेहमी व्हर्च्युअलबॉक्सच्याच यादीतून काढा. तो थर खालच्यात मिसळतो आणि मिसळताना तात्पुरती जागा मागतो, म्हणून ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असताना तिथे हात घालू नका. आधी नको असलेलं एक अख्खं मशीन सर्व फायलींसह काढा. कुठलं, ते सोपं आहे: जे महिनाभरात एकदाही उघडलं नाही ते.